झिंगूबाबाचं पाणी

गोंडपिपरीकडच्या त्या टोल्यावर, त्या लहानशा वस्तीत, समाजमंदिरासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. झिंगूबाबा रोग्याच्या तोंडात पपईच्या पानाचा पोकळ देठ देई आणि पेल्यात फुंकायला लावी. नितळ पाणी बघता बघता दुधासारखं होई.

"फूक मार, करणी सार. निघाली का नाई?"

"निघाली," लोक म्हणत.

रांगेत सासरा मुखरूसोबत त्याची सून रंजीता होती. तीन आठवडे खोकत होती. मागच्या साली मुखरूची बायको कमळा अशाच खोकल्यानं गेली. तिनंही पाणी पांढरं केलं होतं. "निघाली बाप्पा," म्हणत हसत घरी आली होती. मग दवाखाना राहूनच गेला.

दवाखान्याच्या पुनमबाईंनी समाजमंदिराच्या भिंतीवर टीबीचा नकाशा लावला होता आणि त्या तिथंच उभ्या होत्या. त्यात हाच टोला लाल. लोकांनी नकाशालाच कुंकू लावलं. टोल्यावर करणी हाये असं बाबा बी म्हणते, सरकारी कागद बी तेच.

"बाई, आमचाच टोला लाल काऊन?" मुखरूनं विचारलं. "कोणाची करणी?"

"तुमच्या भिंतींची, भाऊ. घरात माणसं किती, खिडकी आहे का, धूर कोंडते का, दवाखाना किती दूर, सारं गावोगाव मोजलं. शेजारच्या गावचे रोगीही धरले. त्यावरून कंप्युटरनं धोका कुठी जास्त ते काढलं. लाल म्हणजे शाप नाई. लाल म्हणजे आधी इथी तपासा."

मुखरू पुढं बाबाजवळ गेला. पेल्याच्या काठावरची पांढरी खपली त्यानं नखानं काढून जिभेवर ठेवली. तीस वर्षं तंबाखू-चुन्याचा खर्रा खाल्लेली जीभ ती. चुना लगेच ओळखला.

"बाबा, आता तुमी फुंका."

"माह्यात करणी कायची?"

"मंग भेता काऊन?" मागून रांगेतली ठमाबाई म्हणाली.

बाबानं फुंकलं. पाणी पांढरं झालं.

"अगं माय, बाबालेच लागली," ठमाबाई म्हणाली आणि सारा टोला हसत सुटला.

पुनमबाईंनी सांगितलं, "चुना पाण्यात कालवा, खाली बसू द्या, वरची निवळी घ्या. धडधाकट माणसाच्या श्वासानंही ती पांढरी होते."

हसणं ओसरेस्तोवर बाबानं झोळी उचलली होती.

रंजीतानं तपासायला थुंकीची डबी भरून दिली. टीबी निघाला, गोळ्या सुरू झाल्या. मुखरूनं सब्बल घेतली आणि कमळेच्या खाटेजवळची भिंत फोडायला लागला.

"काय करून राह्यले, भाऊ?" पुनमबाईंनी विचारलं.

"करणी काढून राह्यलो," तो म्हणाला. भगदाडातून ऊन थेट खाटेवर पडलं.

पाणी पांढरं झाल्यानं खोकला जात नाही. खोकल्याला दोन आठवडे झाले की थुंकी तपासा, गोळ्या पुऱ्या करा, घराला खिडकी ठेवा. कमळेला हे कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही ऐकलंत.