काही नको असलेला माणूस

“त्यात प्रार्थना कशाला? उद्या सकाळी नऊला माझ्या डॉक्टरांकडे जा,” असं म्हणत मालकांनी फोन कानाला लावलासुद्धा.

सुतारकाकांनी दुखरा गुडघा चोळत मान डोलावली. पाळकांनी प्रार्थनेसाठी मिटलेले डोळे पुन्हा उघडले.

दर रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतर आठ-दहा जण मालकांच्या दिवाणखान्यात प्रार्थनेला जमत. मालकांनी एका पत्र्याच्या शेडमधून पंपांचा कारखाना उभा केला होता. आजवर कुणापुढे हात पसरला नाही, हे ते देवाचे आभार मानतानाही न चुकता सांगत. माणूस दिलदार. कुणी अडचण बोलून दाखवायचा अवकाश, ‘आमेन’च्या आत ती मार्गी लागलेली असे. हल्ली काही जण बायबलासोबत नोकरीचे अर्जही घेऊन येऊ लागले होते.

“मावशी, तुमचं?” पाळकांनी विचारलं.

शिवणकाम करणाऱ्या मावशी कधी काही मागत नसत. आज त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“मुलगा बोलत नाही माझ्याशी. सहा वर्षं झाली.”

“नंबर द्या,” मालक म्हणाले, “मी बोलतो त्याच्याशी.”

“फोन उचलतो हो तो. मी आहे कळलं की गप्प होतो. ठेवत मात्र नाही. मग मीही ठेवत नाही.”

“आणि?”

“ऐकत बसते. कधीकधी मागे नातीचा आवाज येतो.”

“मग यात मी काय करू?”

“तुम्ही काय करणार, मालक? कुणाच्या हातातलं असतं तर मागितलं असतं का मी?”

त्या दिवशी प्रार्थना लांबली. सुतारकाका तर हुंदके देऊन रडले. मालक डोळे मिटून बसले होते, पण जोडलेले हात सारखे सुटत होते.

शेवटी पाळक उठू लागले. मालकांना विचारायचं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. “आमचं उत्तम चाललंय, पुढे चला,” हे उत्तर ठरलेलं.

“थांबा,” दाराशी बसलेल्या मालकीणबाई म्हणाल्या. “ह्यांच्यासाठी करा.”

“मला काय धाड भरलीय?” मालक हसले.

“काही नाही. तेच तर.” त्या पाळकांकडे बघत राहिल्या. “चाळीस वर्षांत ह्यांनी माझ्याकडे पेलाभर पाणी मागितलं नाही. तापातसुद्धा उठून स्वतः घेतात. बायका म्हणतात, नशीब काढलंस. मला ह्यांच्या घरात पाहुण्यासारखं वाटतं. देवाचंही तसंच होत असेल.”

कुणी कुणाकडे बघेना. तेव्हा मावशी उठल्या. त्यांनी मालकांच्या डोक्यावर हात ठेवला आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी मागितलं. मालकांना ते ऐकू आलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

माणसं पांगली. मालकीणबाई खुर्च्या भिंतीला लावू लागल्या. मालक होते तिथेच बसून होते.

“ऐकतेस?”

“काय हवंय?”



“माहीत नाही,” ते म्हणाले. “बसतेस जरा माझ्याजवळ?”

हातातली खुर्ची तिथेच टेकवून त्या बसल्या.