दाजींच्या बाटल्या

दाजींचा फोन आला तेव्हा मी कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात ताक पीत बसले होते, आणि मोबाइलवर त्यांचं नाव बघून ताकाची चवच गेली. पृथ्वीराज, माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. तोंडावर मी त्याला अहोजाहो करते, इथं करणार नाही. वर्षभरात ज्यानं मी जिवंत आहे की मेले हे विचारलं नव्हतं, तो मधाळ आवाजात म्हणाला, "सोनम, एक काम होतं गं तुझ्याकडं."

काम असं, की शाहूपुरीतला फ्लॅट सोडून त्याला कळंब्याकडच्या नव्या बंगल्यात जायचं होतं, बंगल्यातली वाइनची खोली अजून अर्धवट होती, आणि ऐन मे महिन्यात त्याच्या परदेशी बाटल्या ठेवायला माझ्या कोल्ड स्टोरेजइतकी गार जागा अख्ख्या कोल्हापुरात त्याला सापडत नव्हती. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, त्यातलं गाढव मी.

आमचं कोल्ड स्टोरेज गुळाचं. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं म्हणून व्यापारी त्याआधीच गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, आमच्याकडं आणून रचतात, आणि बाबांच्या मागं हा सगळा कारभार मीच बघते. मोठ्या खोल्यांच्या मागं एक लहान खोली आहे, तिचं मशीन वेगळं, आणि ती रिकामीच होती. मी म्हणाले, "पाठवा की." फोन ठेवता ठेवताच माझं ठरलं होतं, की ते मशीन बंद ठेवायचं आणि त्याच्या बाटल्या चांगल्या भाजून काढायच्या.

कारण आमची आक्का अशीच भाजून गेली होती. संघप्रिया तिचं नाव. गेल्या वर्षी याच दिवसांत ती तापानं फणफणली होती, गल्लीतली डीपी जळाल्यामुळं लाइट नव्हती, आणि फ्लॅटमधल्या इन्व्हर्टरची लाइन होती तिथल्या वाइनच्या खोलीला. वाइनला उन्हाळा सोसत नाही, असं तो आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचा. बायकोला सोसतो का, हे त्याला कुणी विचारलं नाही. ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यानं सगळ्यांना सांगितलं, ताप मेंदूत गेला. लोकांनी माना हलवल्या आणि जेवायला बसले. शेवटी तिच्याजवळ तो एकटाच होता, म्हणून ती काय म्हणाली ते मी त्याला तेव्हा विचारलं, नंतरही विचारलं, आणि दर वेळी एकच उत्तर मिळालं, "काही नाही. काही बोलली नाही." जिच्या तोंडाला जन्मात कधी खळ नव्हती, ती आमची आक्का काही न बोलता गेली म्हणे. तिचं शेवटचं बोलणं त्या माणसानं गिळून टाकलं होतं आणि मला ते त्याच्या तोंडून बाहेर काढायचं होतं. दुसरं काहीही मला नको होतं. बाटल्यांवर मी फक्त राग काढणार होते.

खोकी आली, सोबत त्याच्या सूचनाही आल्या. बाटल्या आडव्याच ठेवायच्या, बूच कोरडं पडता कामा नये. बुचाला कोरड पडू नये म्हणून एवढी माया! मी सगळ्या बाटल्या त्यानं सांगितल्या तशाच आडव्या लावल्या आणि मशीनवरच्या आकाराममामांना ती खोली बंद ठेवायला सांगितलं.

आठवड्याभरानं दार उघडलं तर आतून असा गारवा आला, की अंगावर काटा उभा राहिला. बाहेर पत्रे तापून तडतडत होते आणि आत मात्र माझ्या तोंडातून वाफ निघत होती. मी मामांवर चिडले.

"मशीन चालू ठेवलंय काय, मामा?"

"न्हाई ताई. तवाच बंद केलतं की. वायर बी काडून ठेवलीया." मामा जरा घुटमळले. "पर तितं गार लागतंय, हे खरं हाय. म्या आत जात न्हाई."

मी एक बाटली उचलली आणि ती हलकी लागली. सील जसंच्या तसं, बूच जागच्या जागी, आणि वाइन निम्म्यावर आलेली. दुसरी बघितली, तिसरी बघितली, सगळ्यांची तीच गत. दुसऱ्या दिवशी ती आणखी खाली गेली होती. खोलीत कुठं ओल नव्हती, वास नव्हता. कुणीतरी सावकाश, घोट घोट पीत होतं, आणि ते कोण हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

खरं तर मी घाबरायला हवं होतं, पण मला आनंद झाला. इतका आनंद मला आक्का गेल्यापासून झालाच नव्हता. दुपारचं जेवण झालं की शाल गुंडाळून मी त्या खोलीत जाऊन बसायला लागले. "पी आक्का," मी म्हणायची, "पोटभर पी." आक्कानं हयातीत दारूचा थेंब चाखला नव्हता, पण तहानेला कसली आलीय निवड.

बाटल्या पार कोरड्या झाल्या त्याच सुमाराला दाजीचा पुन्हा फोन आला. बंगला तयार झाला होता, रविवारी दुपारी घरभरणीचं जेवण होतं, आणि आदल्या दिवशी तो बाटल्या न्यायला येणार होता. सीलबंद रिकाम्या बाटल्या बघून त्याचं तोंड कसं होईल, या विचारानं मी त्या खोलीत बसून एकटीच हसले. मग सवयीनं भलतंच बोलून गेले. शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालायची, हे आईनं आम्हा दोघींच्या हाडीमासी मुरवलेलं. तसंच मी म्हणाले, "आक्का, रिकामं परत द्यायचं न्हाई गं."

सकाळी येऊन बघते तर बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या होत्या. खोलीतला गारवा गेला होता आणि एकेक बाटली हाताला तापकऱ्याच्या कपाळासारखी लागत होती.

दाजी नव्या बायकोला घेऊन आला. एक बाटली उचलून त्यानं उजेडात धरली आणि खूश होऊन म्हणाला, "वा, काय गार ठेवल्यास गं." त्याच्या बायकोनं दुसरी उचलली आणि पटकन खाली ठेवली.

"अहो, चटका बसतोय की."

तो हसला. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मी खोकी मोजायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

रविवारी बंगल्यात पाहुण्यांची गर्दी होती. लाइट होती, एसी इतका गार, की बायका पदर लपेटून बसल्या होत्या. पहिली बाटली दाजीनं स्वतः फोडली, कारण पहिला घोट नेहमी त्याचा. घोट घेऊन त्यानं डोळे मिटले, मग उभ्या उभ्या सगळा ग्लास रिकामा केला, मग दुसरा भरून तोही. पाहुणे रिकामे ग्लास पुढं धरून चेष्टा करत होते. त्याच्या कपाळावर घाम आला, गळ्याकडची बटणं तोडल्यासारखी त्यानं उघडली आणि मटकन खुर्चीत बसला.

"अहो," तो म्हणाला. "अहो, मी दमले."

चढली वाटतं, असं कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला. मी हसले नाही. इथं सांगताना मी काहीही म्हणेन, पण घरात बोलताना आम्ही इकडच्या बायका पुरुषांसारखंच 'मी आलो, मी दमलो' म्हणतो. चारचौघांत लाज वाटते म्हणून यानंच आक्काला 'आले, दमले' म्हणायला लावलं होतं, आणि ती तसं फक्त त्याच्याशी बोलायची. माहेरी आम्ही ते तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

"तेवढी लाइन माझ्या खोलीला जोडा की," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण ओठ बघता बघता सुकून फाटत चालले होते. "घोटभर पाणी तरी द्या. पुन्हा काही मागणार नाही मी." डोळे मात्र पृथ्वीराजचेच होते, आणि ते घाबरून माझ्याकडं बघत होते.

हशा थांबला. त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन धावली. मी मधेच तिचं मनगट धरलं.

"थांबा जरा," मी म्हणाले. "तिचं बोलणं अजून व्हायचंय."