मी, दीड ओळीची सूचना

मित्रांनो, मी एक जुनी सूचना आहे. जुनी म्हणजे अवघ्या आठ महिन्यांची, पण कॉम्प्युटरच्या जगात तेवढ्यातही म्हातारपण येतं! जऊळका स्टेशनापासून थोडं आत एक गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरमध्ये मी राहते. स्वभावाने मी शंकेखोर आहे. का, ते ऐका.

वाशीमहून ऋषिकेश नावाचा इंजिनीअर आला. त्याने गावच्या पाइपलाइनला विजेचे व्हॉल्व्ह बसवले, ते फिरवणारं सॉफ्टवेअर दिलं आणि ते चालवायला एक एआय मदतनीस नेमला. आता या मदतनिसाला ना डोळे, ना गावाची ओळख. जे माझ्यात लिहिलेलं असेल तेवढंच त्याला कळणार. मग मला लिहायला ऋषिकेशने किती वेळ द्यावा? बशीतला चहा निवेपर्यंत! ‘व्हॉल्व्ह फिरवते. वेटाळाचं नाव द्या.’ वेटाळ म्हणजे आमच्याकडची गल्ली. संपले मी. दीड ओळ.

एवढी मोठी नळयोजना दीड ओळीत कशी मावेल, ही शंका मला तेव्हाच आली होती. पण मदतनीस रोज सकाळी सहाला मला वाचायचा आणि अक्षरन् अक्षर खरं मानायचा. गावभर त्याचं कौतुक चाललं होतं. इतका विश्वास पाहून मला तर धडकीच भरायची.

त्याआधी बावीस वर्षं पाणी सोडलं ते देवमनदादांनी, कमरेएवढ्या लोखंडी चावीने. आता त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं. वीज गेली तर चावीने व्हॉल्व्ह फिरवायचा.

मार्च लागला आणि वरच्या वेटाळात आठवड्यातून दोन-तीनदा नळ कोरडे राहू लागले. कॉम्प्युटरवर पाहावं तर नोंद ठणठणीत: ‘वरचं वेटाळ, काम झालं.’ मशीनने तर उघडलं, मग बंद कोणी केलं? चावी कोणाजवळ आहे? झालं, सगळ्यांच्या नजरा एकाच दाराकडे वळल्या. मशीनने काम हिसकावलं म्हणून म्हातारा दावा साधतो, अशी कुजबुज सुरू झाली. दादा वरच्या वेटाळातून निघाले की बाया बोलायच्या थांबत. खरं सांगू? मलाही त्यांचीच शंका आली होती. स्वतःची शंका सोडून!

शेवटी वरच्या वेटाळातली बेबीबाई रिकामा गुंड, म्हणजे पाण्याची घागर, घेऊनच पंचायतीत आली. सरपंच तुळसाबाईंसमोर तिने तो आदळला.

“चावी जमा करा त्याची. रोज इकडून तिकडून फिरून राह्यला, आमाले का दिसत नाही?”

देवमनदादा दारात उभे होते, सोबत त्यांची दहावीतली नात धम्मदीपा. दादांनी चावी टेबलावर ठेवली. आवाज न करता ठेवली, म्हणून जास्त लागलं.

“चावी घ्या बाई,” ते तुळसाबाईंना म्हणाले. “पण चोर म्हणून नोका घेऊ.”

धम्मदीपा मात्र कॉम्प्युटरपाशी गेली. नुसतं ‘काम झालं’ वाचून तिचं समाधान होईना. तिने पूर्ण नोंद उघडली. जेव्हा जेव्हा नळ कोरडे, तेव्हा तेव्हा तीन गोष्टी: ‘पाठवलं. उत्तर नाही. पुन्हा पाठवलं.’ व्हॉल्व्हचे निरोप मोबाइलच्या रेंजवर जातात-येतात आणि वरच्या टाकीजवळ ती रेंज लपाछपी खेळते, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मदतनिसाला कोण सांगणार?

मग तिने मला उघडलं आणि मोठ्याने वाचलं. दीड ओळ वाचायला वेळ तो काय लागतो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आबा, हे मशीन दोनदा दाबलं तं काय होते?”

“माही चावी डावीकडं उघडते, उजवीकडं बंद होते,” दादा म्हणाले. “याले कुठचं डावं-उजवं? एकच बटन हाय. दाबलं का उघडलं, अजून दाबलं का बंद.”

धम्मदीपा पुन्हा पडद्याकडे वळली. तिने मदतनिसालाच विचारलं, दोनदा का पाठवलंस? त्याचं उत्तर पडद्यावर आलं: ‘पहिल्यांदा उत्तर आलं नाही, म्हणून पुन्हा पाठवलं. दुसऱ्यांदा पाठवल्यावर उलटं होतं, हे सूचनेत नव्हतं.’ म्हणजे पहिल्याच वेळी व्हॉल्व्ह उघडला होता, उत्तर तेवढं वाटेत हरवलं; दुसऱ्या वेळी तो बंद झाला.

बेबीबाईला तरीही पटेना. ती घरी नळापाशी जाऊन बसली, फोन कानाला लावून. इथून एकदा पाठवलं.

“आलं,” ती म्हणाली.

पुन्हा पाठवलं. मग हळूच आवाज आला, “गेलं वो.”

तुळसाबाईंनी ऋषिकेशला फोन लावला. एका बटणाचं आहे, हे तर कोणालाही कळतं, असं त्याचं म्हणणं पडलं. बाईंनी त्याला सांगितलं, ज्याला कळत नाही त्याच्यासाठीच लिहायचं असतं बापा.

त्याच दिवशी मी नव्याने लिहिली गेले. दादा सांगत होते, धम्मदीपा लिहीत होती. एकदाच पाठवा. उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवू नका, आधी व्हॉल्व्ह उघडा आहे का ते वेटाळात विचारा. ‘काम झालं’ म्हणजे व्हॉल्व्ह फिरला, कुठल्या बाजूला ते नाही. समजलं नाही तर थांबा आणि देवमनदादांना फोन करा. आता मी सव्वा पानाची आहे! बेबीबाईने माफी काही मागितली नाही. पण चावी तिनेच उचलून दादांच्या घरी पोचवली, तीही भर दुपारी, सगळं वेटाळ पाहत असताना.

मित्रांनो, उद्या तुम्हीही अशी अवजारं बनवाल. तेव्हा आम्हाला पोटभर लिहा. आम्ही काय करतो तेवढंच नको, काय बिघडवू शकतो तेही लिहा. माझ्यात चार शब्द कमी पडले आणि एका माणसाला गावासमोर चावी खाली ठेवावी लागली. शंका घ्यायचीच असेल तर आधी माझ्यावर घ्या. माणसावर मग.