राबणाऱ्या बाईची शुगर

प्रणालीनं बोटाला सुई टोचली तेव्हा बेबीताईचं लक्ष फाटकाबाहेर उभ्या असलेल्या ऑटोकडे होतं. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगे, आलू, सगळा दिवसाचा माल ऑटोत पडला होता. बाजारातून दुकानाकडे जाता जाता ती फक्त नवऱ्याला, खुशालरावांना, पाण्याची बाटली द्यायला थांबली होती. जठारपेठेतल्या त्या मैदानावर सकाळी फिरणाऱ्या मंडळींनी आज शुगर तपासायचं शिबिर ठेवलं होतं, आणि तपासणाऱ्या प्रणालीनं तिलाही धरून खुर्चीवर बसवलं.

"तिची कायले पाहून राहिली?" खुशालराव म्हणाले. "राबणाऱ्या बाईले कायची शुगर? थे आमच्यासारख्या बसणाऱ्याची बिमारी."

सोबतचे रिटायर मास्तर आणि बँकवाले हसले. बेबीताईही हसली. तिचंही मत तेच होतं.

प्रणालीनं मशीनकडे पाहिलं आणि दुसरं बोट धरलं. दोन्ही वेळा आकडा खुशालरावांच्या बराच पुढं निघाला.

"काकू, सकाळी काही खाल्लं का?"

"चाय न् दोन टोस."

"तरी जास्तच आहे. डॉक्टरांना दाखवा लवकर."

बेबीताईनं बोट पदरात गुंडाळलं आणि कोणी ऐकलं का ते आधी पाहिलं. तिला भीती वाटली नाही, लाज वाटली. भाजीपाला पिकवणाऱ्या-विकणाऱ्या घरातली बाई ती. त्या घरांत बाईला शुगर झाली म्हणजे ती दिवसभर लोळत असणार, असा सरळ हिशेब होता. चार जावा तोंडावर काही बोलल्या नसत्या, पण पाठीमागं बोलायचं काही शिल्लकही ठेवलं नसतं.

खुशालरावांची गोष्ट वेगळी. दोन वर्षांपूर्वी त्यांना शुगर निघाली तेव्हा जणू बढतीच मिळाली. पांढरे बूट आले, मैदान आलं, मास्तर लोक त्यांना 'खुशालरावजी' म्हणू लागले. फिरायची वेळ आणि भाजीबाजारातल्या हर्रासाची वेळ एकच, म्हणून पहाटे उठून बोली लावायला बेबीताई जाऊ लागली. कुणाची म्हैस आणि कुणाला उठाबस. पण चालण्यानं त्यांची शुगर खरोखरच उतरली, हेही तेवढंच खरं, म्हणून तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही.

रक्ताचा रिपोर्ट घेऊन दोघं डॉक्टरांकडे गेली.

"साहेब, मी तं दिवसभर काम करतो," बेबीताई म्हणाली. चूक मशीनची असावी, ही आशा तिनं अजून सोडली नव्हती.

"कोणतं काम?"

"दुकान. जुड्या बांधनं, भाजी निवडनं, मोजनं."

"उभं राहून की बसून?"

तिनं आपला दिवस आठवून पाहिला. हर्रास झाला की ऑटोत बसायचं. मग दुकानात पोत्यावर मांडी घातली की रात्री फळी लावेपर्यंत उठणं नाही. गिऱ्हाईक सोडून जेवायलासुद्धा नाही.

"बसून," ती हळूच म्हणाली.

"हात राबतात तुमचे, पाय नाही," डॉक्टर म्हणाले. "रक्तातली साखर ओढून घेतात ते मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू. ते चालले तरच. थकवा येणं म्हणजे व्यायाम नव्हे, बाई. यांचंच बघा, किती फरक पडला. सकाळी दोघं सोबत जात जा. बिनओझ्यानं, जरा झपाट्यानं."

खुशालराव खुर्चीत सरळ होऊन बसले. बेबीताईच्या डोळ्यांपुढं ते मैदान आलं, आणि तिथं काही न विकता, काही न उचलता नुसतं चालायचं, या कल्पनेची तिला एकदम हाव सुटली. इतकी, की शुगर झाल्याचं दुःख थोडा वेळ ती विसरूनच गेली.

वाटेत ती म्हणाली, "मी उद्यापासून येतो मैदानावर. हर्रासले एक दिवस तुमी जा, एक दिवस मी. ज्याची पाळी नसन त्यानं त्या दिवशी चालाव."

"एक दिवस आड चालून कुठं शुगर उतरते का?" खुशालराव म्हणाले. "माहा नेम मोडते."

"मंग माहं?"

"डॉक्टरनं चालाले सांगतलं. मैदानावरच चाल, असं म्हनलं का? पाहू काहीतरी. तुहीही सोय करतो."

सोय करतो म्हणाले, म्हणजे करतील. इतक्या वर्षांच्या संसारात तिला एवढा भरवसा होता. त्या रात्री तिनं चपलेचा सुटलेला अंगठा शिवून घेतला.

सकाळी हर्रास उरकून ती बाजाराबाहेर आली. ऑटोवाल्या नितेशनं आलू-वांग्यांची पोती ऑटोत टाकली आणि मेथी-सांबाराचं मोठं गाठोडं खालीच राहू दिलं.

"हे राह्यलं ना रे," ती म्हणाली.

नितेश हँडल पुसत बसला. "काकू, काकाजीचा फोन आल्ता. म्हने जड माल तू दुकानात टाक, पाला काकू आनन पायी. तिले डॉक्टरनं चालाले सांगतलं." मग म्हणाला, "ठेवू का मांगच्या सीटवर? मी नाही सांगत."

"राहू दे," बेबीताई म्हणाली. "डोक्यावर दे."

ओल्या पाल्याचं पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. मैदानाच्या कोपऱ्यावर मंडळी समोरून आली. मास्तर कौतुकानं म्हणाले, "वा वहिनी, तुम्हीही सुरू केलं तर."

"मंग? मागं लागून सुरू करवलं," खुशालराव म्हणाले. आणि पुढं जाता जाता, खऱ्या काळजीनं, वळून बोलले, "हात हलवत चाल. तसं चालल्याशिवाय फायदा नाही."

बेबीताईचे दोन्ही हात डोक्यावरच्या गाठोड्याला होते.