एकशे अठरा

रेवतीला त्या आकड्याचं व्यसनच लागलं होतं म्हणा ना! मरोळच्या ऑफिसात बसून दर पाव तासाने ती फोन बघायची. मुलुंडच्या शाळेत, पाचवीच्या वर्गात बसलेल्या गंधालीची शुगर आत्ता किती? पोरीला सातव्या वर्षी मधुमेह झाला. इन्सुलिनवरच्या मुलांची शुगर वर गेली तर निस्तरता येते, पण फार खाली गेली तर बघता बघता शुद्ध हरपते. पुढचं तोंडाने बोलवत नाही. शुगर बघायला टोचून टोचून लेकीच्या बोटांची चाळण झाली होती. मग दंडावर ते नाण्याएवढं यंत्र चिकटवलं, आकडा फोनवर यायला लागला आणि रेवतीला कुठे जरा झोप लागायला लागली.

यंत्र कंपनीचं, ॲपही कंपनीचंच. मध्यंतरी एक अपडेट आलं. यापुढे आकडा आधी कंपनीकडे जाणार आणि तिथून सगळ्यांच्या फोनवर येणार, असं काहीतरी त्यात लिहिलं होतं. चाळीस पानं वाचतो कोण? रेवतीने ‘मान्य आहे’ दाबलं. तुम्हीआम्ही तरी दुसरं काय केलं असतं?

पण त्याआधीच तिने एक घोडचूक करून ठेवली होती. शाळेतल्या माणिकमावशींनी एकदा ‘पोरगी दमलेली दिसली’ म्हणून गंधालीला चिक्की दिली आणि शुगर गेली तीनशेवर. रेवती शाळेत जाऊन अशी काही तणतणली की विचारू नका. शाळेत ठेवलेलं बोट टोचायचं मशीन तिने घरी नेलं आणि सहीनिशी पत्र दिलं. ॲपवर आकडा सत्तरच्या खाली आल्याशिवाय हिला गोड काहीही देऊ नये. वर्गशिक्षिकेच्या टॅबवर ॲप टाकून दिलं आणि वर म्हणाली, “आता तुम्हाला तिच्याकडे सारखं बघायला नको, मॅडम. हे बघेल.”

त्या मंगळवारी सव्वाअकराला एकशे अठरा होतं. झकास! साडेअकराला एकशे अठरा. पावणेबाराला चहा घेताना बघितलं, तरी एकशे अठरा. रेवतीने समाधानाने फोन ठेवला आणि दुसऱ्याच क्षणी पुन्हा उचलला. मंगळवारी अकराला पीटी असते. एवढं धावल्यावर आकडा जागचा हलत कसा नाही?

तिने चष्मा लावून बघितलं. खाली फिकट, बारीक अक्षरांत होतं, शेवटची नोंद ११:०४. म्हणजे त्यानंतर कंपनीकडून नवा आकडा आलाच नव्हता.

मिहिर, तिचा नवरा, नाशिकला साइटवर होता. तिने त्याला फोन लावला. “तुझ्याकडे किती दाखवतंय?”

“एकशे अठरा. चांगलं आहे की.”

“अरे, पाऊण तास एकशे अठरा आहे! पाऊण तास एकाच आकड्यावर कोणाची शुगर राहते का रे?”

मिहिर हळूच म्हणाला, “शाळेत फोन लाव, रेवा. लगेच.”

शाळेचा फोन वाजत राहिला. उचलतंय कोण? हल्ली पालकांशी सगळं बोलणं शाळेच्या ॲपवर. तिने ॲपवर लिहिलं, गंधालीला ताबडतोब साखर द्या. क्षणात उत्तर आलं, ‘आपला संदेश मिळाला. चोवीस तासांत संपर्क साधू.’ पर्स उचलून ती तशीच खाली धावली आणि दिसली ती रिक्षा पकडली.

पवईला वाट लागली. गाडी पुढे हलेना. रेवती रिक्षाच्या दांडीला धरून बसली होती, दुसऱ्या हाताने शाळेचा नंबर फिरवत होती आणि पुटपुटत होती, “देवा, मी वाचलं नाही रे, माझी चूक. पोरीवर काढू नकोस.” मध्येच शुगरचं ॲप उघडून बघत होती. एकशे अठरा! तिला तो फोन रस्त्यावर आपटावासा वाटला, पण आपटला तर शाळेला लावणार कशावरून?

रिक्षा भांडुपला आली तेव्हा एकदाचा शाळेत कोणीतरी फोन उचलला. शाळेचे क्लार्क विद्याधर होते.

“गंधाली ना? थांबा हं...”

रिसिव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग धावपळ, चपलांचा फटफटाट आणि कोणीतरी ओरडलं, “बाजूला व्हा सगळे!” फोन कट झाला. त्यानंतर मुलुंड येईपर्यंत रेवती रडलीसुद्धा नाही, इतकी ती घाबरली होती.

शाळेत शिरली तर पाण्याच्या टाकीजवळ घोळका. मधे माणिकमावशी फतकल मारून बसलेल्या, गंधालीचं डोकं त्यांच्या मांडीवर. चहाच्या डब्यातली साखर बोटावर घेऊन त्या तिच्या गालाच्या आतून चोळत होत्या. पोरीचे डोळे अर्धवट उघडे होते. रेवतीची हाक ऐकून ते हलले.

“तुमचं पत्र माहितीय मला, बाई,” मावशी मान वर न करता म्हणाल्या. “नोकरी गेली तर जाऊ दे. घाम गार लागला पोरीचा. माझ्या नवऱ्याचं असंच व्हायचं.”

रेवतीने मावशींचा तो साखरेने चिकट झालेला हात घट्ट धरला आणि मग मात्र तिला रडू आवरेना.

डॉक्टर येऊन तपासून गेले. अर्ध्या तासाने गंधाली बाकावर उठून बसली, बिस्किट खायला लागली.

“बरं वाटत नव्हतं तर सांगायचं नाही का गं, राणी?”

“सांगितलं ना. गरगरतंय म्हटलं. मॅडमनी टॅब बघितला, मला पण दाखवला. एकशे अठरा होतं.” गंधालीने बिस्किटाचा चुरा झटकला. “मग मला वाटलं, मला उगाचच तसं वाटतंय.”

रेवतीने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “आणि आता? आता कसं वाटतंय?”

गंधालीने थोडा विचार केला आणि आईच्या पर्सकडे हात पुढे केला.

“फोन दे ना. बघून सांगते.”