घरची पांढरी, घरची लाल

बायकोचं नाक गेलंय हे मला ग्लास धुताना कळलं.

दुकान तिचं, वाइनचं. दर शनिवारी संध्याकाळी मागच्या खोलीत नेहमीची माणसं चव घ्यायला जमायची. मी प्लंबर. शनिवारी हातातलं काम लवकर आटपून मी ग्लास धुवायला जायचो. ग्लासला साबणाचा वास राहिलेला तिला चालायचा नाही आणि पाण्याचं काम माझ्याशिवाय कुणाला जमतं यावर तिचा विश्वास नव्हता.

त्या शनिवारी लाल वाइनचे ग्लास परत आले ते जवळजवळ भरलेले. असं कधी व्हायचं नाही. मी एक ग्लास नाकाशी नेला. भिंतीत पाइप गळत असला आणि तिथे पुठ्ठा भिजून पडला असला की जसा वास येतो तसा वास. बूच खराब निघालं की सगळी बाटली अशी वाया जाते, हे तिनेच मला शिकवलं होतं. अशी बाटली ती उघडताक्षणी बाजूला ठेवायची, ओठालाही लावायची नाही. आणि आता ती तीच बाटली हातात धरून सांगत होती, "बघा, कशी पिकलेल्या चेरीसारखी आहे." समोर निवृत्त मास्तर होते, दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, आणखी चारदोन जण होते. सगळे माना डोलवत होते. सगळ्यांना कळलं होतं. बोललं कुणी नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"झाले थोडे दिवस. सर्दी वाटली मला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू डॉक्टरकडे नेलं असतंस."

"मग?"

"मग डॉक्टरने काहीतरी सांगितलं असतं."

डॉक्टरने सांगितलंच. कपाळाच्या मागे गाठ होती. काढली, पण सगळी निघाली नाही. वास परत येणार नाही, हे त्यांनी तिच्यासमोर सांगितलं. बाकीचं मला बाहेर बोलावून सांगितलं, आणि ते तिला माझ्या तोंडाकडे बघून कळलं.

दुकानाची एक रीत होती. वर्षातून एकदा एजंट नमुन्याच्या बाटल्या घेऊन यायचा. त्यांतून ती एक पांढरी आणि एक लाल निवडायची. त्या दोन बाटल्या वर्षभर 'घरची' म्हणून विकायच्या. गिऱ्हाईक लेबल वाचायचं नाही, किंमतही फारशी विचारायचं नाही. 'घरची द्या' म्हणायचं आणि पिशवी पुढे करायचं. बाकी कपाटं भरलेली असायची ती शोभेला. दुकान चालायचं ते या दोन बाटल्यांवर, म्हणजे तिच्या शब्दावर.

ऑपरेशननंतर थोडी बरी झाल्यावर तिने मला मागच्या खोलीत बसवलं. चारचौघांत ती मला अहो म्हणायची, मागच्या खोलीत अरे.

"हे बघ, एजंट यायचाय. वास तू घ्यायचास. नाव मी सांगायचं."

"अगं, मला यातलं काय कळतं?"

"नाक आहे ना? तेवढं पुरे. अक्कल माझी आहे."

पहिल्याच दिवशी तिने माझे डोळे रुमालाने बांधले आणि दोन ग्लास हातात दिले. एक गार, एक साधा. मी दोन्ही प्यालो आणि छाती पुढे काढून सांगितलं, गार आहे ती पांढरी, दुसरी लाल. रुमाल सोडला तर उलटं. लाल तिने मुद्दाम फ्रिजमध्ये ठेवली होती. ती इतकी हसली की डोक्यावरची पट्टी सरकली. मग म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस. सगळेच डोळ्यांनी पितात. मीही असाच मार खाल्लाय."

माझी मेहुणी, म्हणजे तिची धाकटी बहीण, गल्ल्यावर बसायची. तिला वाइनचं काही पडलेलं नव्हतं, पण तोंड बंद ठेवणं तिच्या स्वभावात नाही. एकदा एक पांढरी वाइन मी हुंगली आणि ग्लास बाजूला सरकवला.

"काय येतंय?" बायकोने विचारलं.

"नको. तू हसशील."

"सांग तर."

"रॉकेल."

"अगं बाई, ताई, ओत ती मोरीत!" मेहुणी ओरडली. "कुणाला तरी मारशील."

पण बायकोचं तोंड उजळलं. "परत हुंग. नक्की रॉकेल? खाली लिंबाची साल आहे का?"

होती. ती म्हणाली की काही द्राक्षांना वय झालं की असाच वास येतो, आणि तो आला म्हणजे माल चांगला. मी पुन्हा नाक घातलं. खरंच चांगला होता. एक मिनिटापूर्वी मला तो स्टोव्हसारखा वाटला होता.

असं आमचं चालायचं. माझ्याकडे होतं ते सगळं कामावरचं. ओलं सिमेंट, रबराचं नवं वॉशर, विझलेली काडी, बंद घरातली मोरी. ती त्याचं वाइनच्या भाषेत करून घ्यायची. लाल वाइन तुरट लागली की मी म्हणायचो, जिभेवरून पॉलिशपेपर फिरवल्यासारखं होतंय. ती गंभीरपणे विचारायची, "कितव्या नंबरचा?" बारीक, फिनिशिंगचा असेल तर ठेवायची. जाडा असेल तर म्हणायची, "आत्ता नाही, पण दोन वर्षांनी ही सगळ्यांना खाऊन टाकेल." आणि तीच घ्यायला निघायची. त्यावरून आमचं वाजायचं. मला मऊ, गुळगुळीत लाल आवडायची. तिला आधी जरा भांडणारी आवडायची. शेवटी दुकान तिचं, म्हणून घरची लाल तिच्या मनासारखी यायची आणि मी घरी जेवताना तोंड वाकडं करून ती प्यायचो.

त्या वर्षीच्या दोन्ही बाटल्या आम्ही अशा निवडल्या. बाहेर ती आधीसारखीच बोलायची. लोकांना माहीत होतं की हुंगतो मी आणि बोलते ती. एकानेही तसं दाखवलं नाही.

पुढच्या वर्षी एजंट यायच्या आधी ती गेली.

दिवस झाल्यावर मेहुणीने मला दुकानात बोलावलं. कुलूप काढलं, खुर्ची पुसून दिली आणि उभी राहूनच बोलली.

"भावोजी, मी सरळ बोलते. घेणारा एक आला होता, त्याला इथे औषधांचं दुकान काढायचंय. एजंट पुढच्या शनिवारी येतोय. दोन बाटल्या निवडता आल्या तर दुकान ठेवू, मी बसते गल्ल्यावर. नाही आल्या तर देऊन टाकू. नुसती कपाटं पुसत बसायची ताकद नाही माझ्यात."

"मला नाही जमणार."

"जन्मभर दुसऱ्यांच्या मोऱ्यांत हात घातलेत, तेव्हा कधी नाही म्हणाला नाहीत. आता बरं नाकाने कांदे सोलताय."

शनिवारी एजंट आला. मास्तर आले, डॉक्टरीणबाई आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. मेहुणीने बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळलं, म्हणजे लेबल बघून कुणी शहाणपणा करायला नको. आधी पांढऱ्या. एजंटने फ्रिजमधून पहिली काढली. मी ग्लास तिरका धरला, फिरवला, नाक घातलं.

"नवं वॉशर," मी म्हणालो, आणि डावीकडे बघितलं.

डावीकडे तिची खुर्ची असायची. माझ्याकडे वास होता. पुढचं सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

मास्तरांनी घसा साफ केला. "वॉशर म्हणजे... त्या म्हणाल्या असत्या, हिचा वास अजून उघडायचा आहे."

"छे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती म्हणाली असती, यात काहीतरी झाकलंय."

"बाई, मी दहा वर्षं इथे येतोय."

"मास्तर, दहा वर्षं तुम्ही फुकटच्या शेंगदाण्यांसाठी येताय."

मग ते दोघं हमरीतुमरीवर आले आणि मला श्वास घेता आला. दुसरी पांढरी मला आवडली. गोडसर, गार, घशाखाली सुळकन गेली. मी म्हणालो, हीच. एजंट खूश झाला, त्याने पेनसुद्धा काढलं.

मेहुणी दारातून म्हणाली, "ताई ग्लास दोन्ही हातांत धरून बसायची. अंडं उबवल्यासारखी. तुम्ही तर पाणपोईवर आल्यासारखं प्यालात."

तिचं बरोबर होतं. फार गार असली की पांढरी काही बोलत नाही, आणि दोष असला तर तोही दिसत नाही. मी सगळ्या पांढऱ्या ओतून घेतल्या आणि ग्लास ओळीने तळहातात धरून बसलो. कुणी घाई केली नाही. ऊब लागल्यावर माझी आवडती बाटली नुसतं साखरेचं पाणी झाली. तिसरी, जी आधी मुकी होती, ती उघडली. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, आणि गिळल्यावर दोन्ही गालांत पाणी सुटलं ते सुटतच राहिलं. तिचं नाव काय, जात काय, मला सांगता आलं नाही. पण बायको असती तर या बाटलीवरून आमचं भांडण झालं नसतं, एवढं मला कळलं. मी ती घेतली. मेहुणीने पहिल्यांदाच एक घोट घेतला आणि म्हणाली, "हं. हिला निदान रॉकेलचा वास नाही." पण ग्लास संपवला.

लालमध्ये दोन उरल्या. एक मऊ, घरी बसून रोज प्यावी अशी. दुसरी उभी राहून भांडणारी. हिरड्या आवळल्या जातात, पण मागे मिरी आहे, चामडं आहे, आणि ती अजून कुठेतरी जाणार आहे हे माझ्यासारख्यालाही कळत होतं. डॉक्टरीणबाईंनी एकदा ग्लासकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं, आणि ग्लास खाली ठेवला.

"ठरलं का?" एजंटने विचारलं.

"बाटल्या ठेवून जा. कळवतो."

सगळे गेल्यावर मेहुणी म्हणाली, "आता काय अडलं?"

"तुझ्या ताईने ही भांडणारी घेतली असती."

"मग ही घ्या."

"मला ही आवडत नाही."

"मग ती दुसरी घ्या. आता दुकान तुमचं आहे."

"ती घेतली तर तुझी ताई रागवेल."

मेहुणी हसायला लागली. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "जिवंत होती तेव्हा भांडायचात तरी."

हे खरं आहे. आम्ही भांडायचो, मी हरायचो आणि वर्षभर तिची लाल पीत कुरकुर करायचो. आता मी तिची घेतली तर ते भांडण न करता हरल्यासारखं होईल. माझी घेतली तर ती समोर नसताना जिंकल्यासारखं होईल. दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं मी रोज घरी घेऊन बघितलं. उघडी बाटली दिवसेंदिवस बदलते, तसं माझं मतही बदलत गेलं, आणि मग दोन्ही संपल्या. एजंटकडून पुन्हा मागवल्या.

पांढरीचे खोके आले. पहिलं खोकं आठवड्याच्या आत गेलं. औषधवाल्याला मेहुणीने फोनवर नाही म्हणून सांगितलं, मला न विचारता. गिऱ्हाईक घरची लाल मागतं तेव्हा ती म्हणते, यंदा जरा उशीर आहे, तोवर पांढरी न्या.

घरची लाल अजून ठरलेली नाही.