लंबूच्या शर्टाचं माप

आमच्या घरी आलेलं प्रत्येक पत्र आधी बाबा फोडतात. वाचतात, चष्मा पुसतात, मग ज्याचं त्याला देतात, दिलं तर. म्हणून लंबू लढाईवर निघाला तेव्हा पत्रं मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात पाठवायची, असं आम्ही ठरवलं. तिथे मी काजं-बटणं करते, आणि मास्तर गिऱ्हाइकाचं माप घेताना आकडे ओरडतात, ते वहीत उतरवते. लंबूचं मापही असंच उतरवलं होतं. जे जुळायचं ते तेव्हाच जुळलं.

पण तिकडे पत्रं त्याचे साहेब वाचणार, आणि इकडे दुकानात चार टाळकी. लंबू आधीच लाजाळू. मग प्रेमपत्राऐवजी शर्टाची ऑर्डर. सगळी मापं वहीतल्यासारखी आली तर तो खुशाल आहे असं समजायचं. पोटाचे हाल असले तर कंबर कमी. माझी आठवण आली की छाती वाढवायची. उत्तरात मी लिहायचे, 'कापड राखून ठेवलं आहे.'

पहिल्याच पत्रात छाती दोन इंच वाढली. त्या दिवशी मी एका शर्टाला उलट्या बाजूने बटणं लावली. पुढे कंबर घटत गेली आणि छाती फुगत गेली. एकदा तर पन्नास. मास्तरांनी पत्र माझ्यापुढे टाकलं.

"हा माणूस आहे की कपाट?"

"तिकडचं हवापाणी मानवलं असेल."

"कंबरेला मात्र मानवलेलं दिसत नाही," म्हणाले आणि मशीनवर बसले. ते सगळं ओळखून होते.

मग पत्रं थांबली.

लंबूचं काही बरंवाईट झालं असतं तर त्याच्या आईला तार आली असती, शेजारपाजार गोळा झाला असता, कुणी पाठीवरून हात फिरवला असता. मला कोण कळवणार? मी त्याची कोण? वाकडी वाट करून मी त्याच्या गल्लीतून जायचे आणि दारात माणसं जमलेली नाहीत ना, एवढं बघून यायचे. घरी आई विचारायची, "घास का चिवडतेस?" मी दात दुखतो म्हणून सांगायचे. मग ती मिठाच्या गुळण्या करायला लावायची, आणि मी मुकाट्याने करायचे. भरल्या घरात इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

शेवटी पत्र आलं. अक्षर परक्याचं. मापं वहीतलीच, छातीसुद्धा. सुताचाही फरक नाही. खाली लिहिलं होतं: 'बाही एकच, डावी. उजवी लागणार नाही. इस्पितळातून सुटायला वेळ आहे. असा शर्ट शिवणं जड वाटत असेल तर ऑर्डर रद्द समजावी. दुकानाने मनाला लावून घेऊ नये.'

कापडाच्या गठ्ठ्यांमागे जाऊन मी रडले. मग राग आला. हात गेला त्याचा, अक्कल कुठे गेली? मी काय बाह्या मोजून जीव लावला होता? आणि छाती मुद्दाम जुनीच लिहायची, म्हणजे मी मोकळी झाले. वा रे शहाणा.

मास्तरांनी पत्र वाचलं नव्हतं, माझं तोंड वाचलं.

"गिऱ्हाईक मोडतंय?"

"मोडू बघतंय."

"मग दुकानाच्या कागदावर लिहू नकोस," म्हणाले आणि कोरा कागद पुढे सरकवला.

मी लिहिलं: 'ऑर्डर रद्द होणार नाही. अंगावर माप घेतल्याशिवाय मी कापड कापणार नाही. ये. मी थांबले आहे.' खाली माझं पूर्ण नाव घातलं, आणि घरचा पत्ता.

आता उत्तर आलं तर ते आधी बाबांच्या हातात पडणार. पडू दे. रोज संध्याकाळी घरात शिरताना मी त्यांच्या तोंडाकडे बघते. ते मान वर करतात, "आलीस?" म्हणतात आणि पुन्हा पेपरात बुडतात. एवढी वर्षं ज्यांच्या ओरडण्याला भ्यायले, ते आज तरी ओरडतील म्हणून मी दारात क्षणभर उभी राहते.